डोळे आलेल्यांनी येऊ नये

बीड जिल्ह्यात जाऊन आल्यापासून ओळखीचे लोक विचारतात, तिकडं पाहण्यासारखं काय आहे. मला नीट उत्तर देता येत नाही. मी काही पाहायला गेलेच नव्हते. लोकांच्या डोळ्यांतलं पाणी कापसाच्या काडीनं टिपून पुण्याला आणायचं, एवढ्यासाठी गेले होते, आणि तेवढंही मला धड करू दिलं गेलं नाही.

माझं काम बैठं आणि अंधाऱ्या खोलीतलं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर विषाणूंची घडण अभ्यासते. गेली काही वर्षं माझ्या वाट्याला माणसाला होणारा ॲडेनोव्हायरस आला आहे. सर्दी, जुलाब, डोळे येणं, यांतलं बरंचसं हा करतो. केसाच्या जाडीवर ओळीनं शेकडो मावतील एवढा लहान, पण बांधणी अशी रेखीव की सोनाराला जमणार नाही. वीस त्रिकोणी बाजू, बारा टोकं, प्रत्येक टोकातून निघालेला एक बारीक धागा आणि धाग्याच्या शेवटी गाठ. ही गाठ डोळ्यातल्या पेशीला चिकटते आणि तिथून पुढचं सगळं दुखणं सुरू होतं. त्या गाठीचा नेमका आकार कळला तर तिला चिकटूच न देण्याचा उपाय शोधता येईल, म्हणून आमची ही खटपट.

दिंद्रुडच्या बाजूला डोळ्यांची मोठी साथ आल्याचं तिथले सरकारी डॉक्टर सानप यांनी कळवलं होतं. त्यांनी नमुनेही पाठवले. पहिल्या खेपेला नळ्या वाटेत गळल्या. दुसऱ्या खेपेला पार्सल आमच्याच फाटकावर वॉचमनच्या खुर्चीखाली उन्हात पडून राहिलं. तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "तुम्हीच का नाही जाऊन येत?" दसरा नुकताच झाला होता. मी बर्फाची पेटी घेतली आणि निघाले.

दिंद्रुड

बीडच्या स्टँडवर गफूरभाई जीप घेऊन उभे होते. पन्नाशी ओलांडलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा, कशानंही न डगमगणारा माणूस. ही पेटी कुणी उघडायची नाही, असं मी त्यांना दोनदा बजावलं. "बराबर हाय म्याडम, पेटी म्हंजी पेटी," असं म्हणून त्यांनी ती मागच्या सीटवर ठेवली.

वडवणी मागं पडली. रस्त्याकडेला सोयाबीनच्या गंजी, वेचणीला आलेला कापूस आणि पाट्यांमधून विकायला ठेवलेली सीताफळं. इथल्या डोंगरातली सीताफळं एवढी गोड असतात हे मला ठाऊक नव्हतं. तेलगाव येईपर्यंत मी खूश होते, आणि हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण त्यानंतर तशी वेळ फारशी आली नाही.

शाळेच्या मैदानावर मंडप होता. वर फलक होता: 'भव्य नेत्र शिबिर, पुण्याच्या सुप्रसिद्ध नेत्रतज्ज्ञ यांच्या शुभहस्ते.' मी नेत्रतज्ज्ञ नाही. माझी डॉक्टर ही पदवी विषाणूंच्या अभ्यासाची आहे, मी कुणाच्या डोळ्यात थेंबसुद्धा टाकू शकत नाही. हे मी डॉक्टर सानपांना फोनवर सांगितलं होतं आणि त्यांनी ते गावच्या भाऊसाहेबांना सांगितलं होतं. भाऊसाहेब म्हणजे तिथले मोठे बागायतदार आणि पुढारी. त्यांनी ते ऐकून घेतलं होतं आणि मंडप घातला होता.

मला व्यासपीठावर नेऊन फेटा बांधण्यात आला. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. समोर म्हातारी माणसं दाटीवाटीनं बसलेली, सगळी चष्म्याच्या आशेनं आलेली. मी फेट्याखालून एकेक चेहरा न्याहाळत होते. एकाचाही डोळा लाल नव्हता. साथीच्या गावात लाल डोळ्याचं एक माणूस दिसू नये, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

शेवटी मी भाऊसाहेबांना विचारलं, "डोळे आलेली माणसं कुठं आहेत?"

"घरी हायत," ते समाधानानं म्हणाले. "बोर्डच लावलाय की फाटकाला. डोळे आलेल्यांनी येऊ नये. तुमी पुण्याहून यायलाव, तुमाला लागण झाली तर गावाचं नाव काय ऱ्हाईल?"

डॉक्टर सानप खाली मान घालून उभे होते. तिशीतला शांत माणूस.

मंडपातून उतरले तर एका म्हातारीनं माझा हात धरला. "लांबचं दिसंना बाई, बघा जरा."

"आजी, मी त्यातली डॉक्टर नाही."

"डोळ्याच्या न्हवं तुमी?"

"डोळ्यात जे विषाणू जातात, त्यांची."

"म्हंजी किडे?" तिनं मागं वळून सगळ्यांना सांगितलं, "ही किडे बघती." झालं. तासभर माणसं माझ्यापुढं येऊन पापण्या ओढून उभी राहिली. मी एकेकाला नाही म्हणत होते. म्हातारी जाताना म्हणाली, "काहीच करत न्हाई तर मग कावून आलाव एवढ्या लांबून?" तिचा प्रश्न रास्त होता आणि त्यामुळं मी जास्तच चिडले.

जेवण भाऊसाहेबांच्या घरी. येसराची, म्हणजे भाजक्या धान्याच्या मसाल्याची, झणझणीत आमटी, बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, वर दही. आमच्या पुण्यात पाहुण्याला आधी विचारतात, आणखी घेणार का. इथं विचारणं कमीपणाचं समजतात, सरळ ताटात पडतं. नको म्हणून मी ताटावर हात आडवा धरला तर आमटी हातावर पडली. भाऊसाहेबांच्या पत्नी धावत तूप घेऊन आल्या. त्यांच्या घरात लेक डोळे येऊन आतल्या खोलीत झोपली आहे, हे मला हात पुसताना कळलं. तिचा नमुना मागितला. भाऊसाहेब म्हणाले, "पोरीचं लग्न जमायलंय, तिचं नाव कशाला पुण्याच्या कागदावर?" मी नाव लिहिणार नाही म्हटलं, नुसता आकडा लिहीन म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विषय उसाच्या पाण्यावर नेला.

डोंगराकडची वस्ती

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर सानप म्हणाले, "ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांमध्ये साथ जास्त आहे. आज गेलो नाही तर ती माणसं सापडायची नाहीत."

गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याला वस्ती होती. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या आणि त्यांत अख्खे संसार चढत होते: पत्रे, हंडे, गोधड्या, खुराड्यातल्या कोंबड्या, गोणपाटात गुंडाळलेले कोयते. टोळी कर्नाटकातल्या एका कारखान्यावर निघाली होती. मुकादम बबन ट्रॉलीच्या कडेवर उभा राहून सामान लावून घेत होता.

इथंही डोळे फारसे लाल नव्हते. मला पुन्हा तोच संशय आला, बोर्ड इथंही लावला की काय. मग बबनची थोरली भावजय सिंधू पुढं आली. तिशीची, उंच, कामानं रापलेली. तिचा उजवा डोळा बरा होता, डावा गुलाबी आणि पाणावलेला. डॉक्टर सानप काडीनं नमुना घेत होते तेव्हा ती हललीसुद्धा नाही.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"पोळ्याला आलते डोळे. औषध टाकलं की लाली जाती. पर डाव्यानं धुकट दिसतंय. काल लाकूड फोडताना अंदाज चुकला, कुऱ्हाड बाजूला पडली."

"कोणतं औषध?"

तिनं कमरेच्या पिशवीतून छोटी बाटली काढली. डॉक्टर सानपांनी वरची अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. आजूबाजूला पाहिलं तर तशीच बाटली जवळपास प्रत्येकाजवळ होती. कुठल्याशा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, हंगामाला पुरतील अशी गठ्ठ्यानं. ते स्टेरॉइडचे थेंब होते. त्यांनी लाली बसते, ठणका थांबतो, विषाणू मात्र जागच्या जागी राहतो. आणि डॉक्टरच्या नजरेखाली नसताना महिना-दीड महिना टाकत राहिलं तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढत जातो. तो दुखत नाही, दिसत नाही, आणि आतली नस कायमची मारून टाकतो.

"हिला आजच्या आज अंबाजोगाईला दाखवायला हवं," डॉक्टर सानप बबनला म्हणाले. "दाब मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही."

"आज निघायचंय," बबन म्हणाला. "आज न्हाई पोचलो तर फड दुसऱ्या टोळीला जाईल. वहिनी तिकडं दाखवल की."

"तिकडं कोण दाखवतंय बे?" सिंधूचा नवरा लक्ष्मण पहिल्यांदाच बोलला. "मागल्या साली माझा ताप कुणी दाखविलता?"

"एका डोळ्यानं तोडणारे लई हायत, दादा."

दोन दिवसांचा सगळा राग माझ्या तोंडाशी आला. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. मी म्हटलं, "मुकादम, तुमची सगळी टोळी एका पंच्याला तोंड पुसते आणि एका पाण्यात हात धुते. हा विषाणू कपड्यावर आठवडेच्या आठवडे टिकतो. फडावर पोचल्यावर निम्म्या टोळीचे डोळे चिकटतील तेव्हा कोणाच्या डोळ्यानं ऊस तोडणार आहात? आणि तुमच्या वहिनींचा कोयता उसाऐवजी पायावर पडला तर त्यांना दवाखान्यात न्यायला तेव्हा वेळ असेल का?"

माझा आवाज फारच चढला असावा, कारण खुराड्यातल्या कोंबड्या ओरडायला लागल्या. बबननं माझ्याकडं, मग वहिनीच्या डोळ्याकडं पाहिलं. "घाटनांदूरहून आणखी माणसं घ्यायचीत," तो शेवटी म्हणाला. "तिथं थांबतो. दिवस मावळायच्या आत आणा. न्हाईतर आमी निघालो."

डॉक्टर सानपांनी आणखी काही जणांचे नमुने घेऊन नळ्या पेटीत लावल्या आणि अंबाजोगाईच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. त्यांना दवाखान्यात परतायचं होतं. सिंधू आणि मी जीपमध्ये बसलो.

अंबाजोगाईच्या वाटेवर

धारूरच्या घाटात टायर बसला. गफूरभाईंनी स्टेपनी काढली, दाबून पाहिली आणि म्हणाले, "ही बी पंक्चरच हाय, म्याडम. काल सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

बोलण्यासारखं होतं ते सगळं वस्तीवरच संपलं होतं. गफूरभाई दोन्ही टायर घेऊन एका टेम्पोत चढले आणि दिसेनासे झाले. आम्ही दोघी झाडाखाली बसलो. सिंधूनं पिशवीतून धपाटे काढले, वाटेतल्या बाईकडून सीताफळं घेतली. घामानं माझे डोळे चुरचुरत होते. तिनं टॉवेल पुढं केला. मी तोंड पुसलं. मी कोण आहे, काय शिकले आहे, आणि तासाभरापूर्वी कुणाला काय सुनावून आले आहे, यातलं काहीही मला त्या क्षणी आठवलं नाही.

"तुमच्या मशीनमधी ते कसं दिसतं?" तिनं विचारलं.

हातातलं सीताफळ मी तिला दाखवलं. "अंगावर असे उंचवटे असतात, पण एकसारखे, ओळीत बसवलेले. गोल वाटतं पण गोल नसतं, कोपरे असतात. आणि कोपऱ्याकोपऱ्याला एक धागा."

तिनं सीताफळ फिरवून फिरवून पाहिलं. "आमी याला डोळे म्हणताव. डोळे उघडले की फळ पिकलं." मग ते फोडून अर्धं मला देत म्हणाली, "माझ्या डोळ्यात कोण ऱ्हायला आलंय ते तरी कळलं. औषधवाल्यानं तर तेवढं बी सांगितलं न्हाई."

ऊन कलायला लागलं तशी सिंधू म्हणाली, "डोळा गेला तर मला फडावर कुणी नेणार न्हाई. आमच्यात नवराबायकोचा मिळून एक कोयता धरत्यात. मी न्हाई तर त्यांला बी काम न्हाई." तिनं हे रडून सांगितलं नाही. मला मात्र घाटातला रस्ता, टेम्पो, टायर, सगळ्या जगाचाच संताप येत होता.

गफूरभाई आले ते हसत, दोन्ही टायर दुरुस्त करून.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेत्रविभागासमोर गर्दी होती, पण सानपांची चिठ्ठी वाचून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सिंधूला आधी आत घेतलं. दमलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. दिव्याच्या यंत्रातून त्यांनी दोन्ही डोळे पुन्हा पुन्हा पाहिले, दाब मोजला.

"बुबुळावर पांढरे ठिपके आहेत, ते विषाणूमुळं. धुकट दिसतं ते त्यानं. काही महिन्यांत विरतील," त्या म्हणाल्या. "पण डाव्या डोळ्यातला दाब बराच वाढलाय, तो या बाटलीमुळं. नस अजून शाबूत आहे. हे थेंब असेच हंगामभर चालले असते तर गेलेली नजर कुणालाच परत आणता आली नसती." त्यांनी दाब उतरवणारं औषध दिलं, कारखान्याजवळच्या गावात पुन्हा तपासून घ्यायला सांगितलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाकीच्यांच्याही बाटल्या बंद करा."

बाहेर आले तर जीपच्या बॉनेटवर पंचा अंथरलेला आणि त्यावर माझ्या नळ्या ओळीनं उन्हात वाळत ठेवलेल्या. नळ्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरची शाई ओघळून निळे डाग पडले होते.

"बर्फाचं पाणी झालतं," गफूरभाई म्हणाले. "पाण्यात भिजून खराब झाल्या असत्या."

"पेटी उघडायची नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"म्हणूनच उघडत नव्हतो. गळायला लागली तवा उघडली." त्यांनी झाकण वर केलं. आत सोड्याच्या दुकानातून आणलेला नवा बर्फ होता आणि त्यावर माझ्यासाठी घेतलेली सीताफळं. मी नळ्या पुन्हा आत ठेवल्या. सीताफळं बाहेर काढायचं भानही मला राहिलं नाही.

घाटनांदूर

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ट्रॅक्टर चालू होता. लक्ष्मण रस्त्याकडं तोंड करून खाली उभा होता. सिंधू जीपमधून उतरली, त्याला एवढंच म्हणाली, "डोळा हाय," आणि तो खाली बसला. उकिडवा, दोन्ही हात तोंडावर घेऊन.

मी ट्रॉलीजवळ जाऊन सगळ्यांना बाटल्यांचं समजावून सांगितलं. दाब, नस, नजर, सगळं सोपं करून. त्यांनी नीट ऐकलं आणि एकानंही बाटली काढली नाही.

"आमाला तर काही झालं न्हाई," एकजण म्हणाला. "टाकलं की बरं वाटतं. तिकडं डोळे चिकटल्यावर काय करावं मग?"

"तिचा डोळाच कच्चा असंल," दुसरी म्हणाली.

मी पुन्हा सांगायला लागले तसं सिंधूनं मला हातानं बाजूला सारलं. चाकावर पाय देऊन ती ट्रॉलीत चढली आणि गोणपाटातून कोयता काढला. स्वतःची बाटली कडेच्या फळीवर ठेवून तिनं एका घावात बाटलीचं तोंड उडवलं आणि औषध खाली मातीत ओतलं. मला तिच्या हाताची धास्ती वाटली, अजून तिला डाव्या बाजूचा अंदाज येत नव्हता.

"डॉक्टरीण म्हणली, आतली नस सुकती," ती म्हणाली. "सुकल्यावर किती बी पाणी घाला, फुटत न्हाई. मला सकाळी कुणी एक डोळ्याची म्हणलं ते म्या ऐकलंय. आता द्या इकडं."

पहिली बाटली लक्ष्मणची आली. मग एकेक. तिनं पदर पसरला होता, त्यात पडत गेल्या. काहींनी दिल्या, काहींनी दिल्या नाहीत. दोघी-तिघींनी कमरेची पिशवी घट्ट धरून तोंड फिरवलं. बबन ट्रॅक्टरवर बसून हे बघत होता. शेवटी तो उतरला, शर्टाच्या खिशातून आपली बाटली काढली आणि तिच्या पदरात टाकली.

"चुकलं, वहिनी," तो हळूच म्हणाला.

"बस आता ट्रॅक्टरवर. उशीर व्हायलाय," ती म्हणाली.

पुणे

नळ्यांचं काय झालं ते थोडक्यात सांगते. आमच्याकडं नमुना आधी जिवंत पेशींवर वाढवतात, मग मायक्रोस्कोपखाली घेतात. माझ्या नळ्यांत बुरशी वाढली आणि नाना तऱ्हेचे जिवाणू. कुठली नळी कुणाची, हे तर कळायला मार्गच नव्हता.

आठवडा गेला आणि एका सकाळी माझा डावा डोळा उघडेना. दुपारपर्यंत उजवाही लाल झाला. माझी सहकारी नीलिमा हातमोजे, मास्क आणि काडी घेऊन खोलीत आली. "हलू नका," ती म्हणाली. "आजवर इतक्या व्यवस्थित पोचलेला नमुना मी पाहिलेला नाही." तिला हसू आवरत नव्हतं. मला रडू येत होतं, पण ते कुणाला वेगळं कळलं नसतं. त्यानंतर मी घरी, पडदे ओढून, टॉवेल वेगळा ठेवून पडून राहिले.

कामावर परतले तेव्हा अजून दिव्याभोवती वलयं दिसत होती. नीलिमानं नमुन्याची बारीक जाळी मायक्रोस्कोपमध्ये लावून ठेवली होती. पडद्यावर राखाडी पार्श्वभूमीवर ते होते, षटकोनी, दाट, एकाला एक खेटून बसलेले. एका कणाच्या कोपऱ्यातून धागा निघालेला दिसला, त्याच्या टोकाला इवलीशी गाठ. अशी शेकडो चित्रं मी पाहिली आहेत. तरी त्या दिवशी खुर्चीवरून उठले नाही. याच गाठींनी माझा डोळा धरला होता, आणि बहुधा त्याआधी सिंधूचा. हजारो कणांची चित्रं एकावर एक जुळवून त्या गाठीचा आकार काढायचं काम आता सुरू आहे.

त्यातलं एक चित्र मी लक्ष्मणच्या फोनवर पाठवलं. दोन दिवसांनी सिंधूचा फोन आला. मागं उसाच्या पाचटाचा आवाज, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. तिनं तिकडं डोळा तपासून घेतला होता, दाब उतरला होता. बबननं स्वतः नेलं म्हणाली.

"आणि दिसतं कसं?" मी विचारलं.

"सकाळीच बघितलं," ती म्हणाली. "डावा झाकून उजव्यानं बघितलं, उजवा झाकून डाव्यानं बघितलं. दोन्हीकडून ऊस तेवढाच दिसायलाय. लई हाय. ठेवते."